‘मूळव्याधच असेल’ म्हणण्याआधी

मंडळी, आम्ही इंदूरकर पोह्यांवर तासभर बोलू, पण पोटाच्या तक्रारीवर घरातही गप्प. दफ्तरातले आम्ही चाळिशीचे लोक तर इसबगोलावरच दिवस काढतो. तरी ऐका. शौचाची सवय तीन आठवड्यांहून जास्त बदललेली राहिली, रक्त पडले, वजन विनाकारण उतरले किंवा हिमोग्लोबिन घटले, तर डॉक्टरांना गाठाच. मूळव्याध असली, तरी वर आतड्यात आणखी काही असू शकते. ‘कोलोनोस्कोपी हवी का?’ असे आपणच विचारावे. दुर्बिणीत पॉलिप, म्हणजे आतड्यातला मांसल कोंब दिसला, तर कर्करोग होण्याआधीच तो बहुधा तिथेच काढता येतो. पुष्कळदा साधेच काही निघते. पण ते तपासून कळावे. पुढल्या वर्षी आरतीला आपण सगळे हवे आहोत. गणपती बाप्पा मोरया!