गुडघ्याची वाटी आणि तिची वाट
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, नाशिक येथे, दिलेले व्याख्यान)



सप्तशृंगीच्या सुमारे 500 पायऱ्या चढून देवीचे दर्शन घेण्याची रीत आपल्या अनेक घरांत आहे. 2018 साली गडावर फ्युनिक्युलर रेल्वे सुरू झाली आणि वृद्धांची मोठी सोय झाली. परंतु पायऱ्या उतरताना गुडघ्याच्या पुढल्या बाजूस कळ येते, ही तक्रार आपल्या तरुण मुलीही करतात. “या वयात कसले गुडघे दुखतात?” असे म्हणून वडील मंडळी ती उडवून लावतात, आणि एमआरआयच्या अहवालात ‘वाटी बाहेर कललेली, चरबीला सूज’ असे शब्द दिसले, की तीच मंडळी शस्त्रक्रियेच्या आणि मुलीच्या लग्नाच्या चिंतेने व्याकूळ होतात. ही दोन्ही टोके टाळावीत, एवढेच मला सांगावयाचे आहे.

गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावरील खोबणीतून सरकते. वाटीच्या खाली, कंडरेच्या मागे, चरबीची मऊ गादी असते. जर्मन शल्यवैद्य आल्बर्ट होफा यांनी 1904 साली तिच्या विकाराचे वर्णन केले. म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. खोबण उथळ असली, वाटी फार वर बसलेली असली किंवा कंडरेची ओढ बाहेरच्या अंगास असली, म्हणजे वाटी आपली वाट सोडू लागते. मग गादीचा वरचा, बाहेरील कोपरा कंडरा व हाड यांमध्ये चिमटतो आणि सुजतो. एमआरआयमध्ये पांढरा उजळलेला दिसतो तो हाच कोपरा. सूज हे फळ. मूळ बहुधा वाटीच्या चालीत असते.

तथापि चित्र म्हणजे रोग नव्हे. ही तपासणी सामान्यतः निजून, पाय लांब करून होते. चालत्या गुडघ्यातील वाटी तीत दिसत नाही. ज्यांना काहीच दुखत नाही, त्यांच्याही गुडघ्यात अशी सूज आढळते. म्हणून अहवाल हाती धरून वैद्याने गुडघा प्रत्यक्ष तपासला पाहिजे.

बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. मांडीच्या पुढील व खुब्याच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम जाणत्याच्या देखरेखीखाली काही महिने नेमाने करावे आणि तोवर उकिडवे बसणे व जिने कमी करावे. मात्र वाटी निखळत असेल, गुडघा अडकत असेल किंवा मार लागून एकाएकी सुजला असेल, तर विलंब न करता अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.

वडीलधाऱ्यांना माझी विनंती एकच. मुलगी “दुखते” म्हणाली, तर तिचे म्हणणे आधी ऐकावे; आणि अहवालातील एका ओळीवरून तिच्या आयुष्याचा निवाडा करू नये.