कुंडीतला जैतून
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



कुरआन शरीफच्या ९५ व्या सूरहचा प्रारंभ अंजीर आणि जैतून यांच्या उल्लेखाने होतो, हे येथे बसलेल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. म्हणूनच रोपवाटिकेत जैतूनचे रोप दिसले की आपण ते श्रद्धेने घरी आणतो आणि बहुधा पहिल्याच पावसाळ्यात गमावतो. मीही एक रोप असेच घालविले आहे. आज त्याच्या निगेविषयीच चार शब्द बोलणार आहे.

जैतून हा भूमध्य समुद्राच्या काठचा. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. जेरुसलेमला वर्षाकाठी सुमारे साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक नोव्हेंबर ते मार्च या काळात. आपल्या रत्नागिरीस तीन हजार मिलिमीटरहून अधिक, आणि जवळजवळ सारा जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे या झाडाच्या अंगवळणी पडलेल्या ऋतुचक्राच्या नेमके उलटे आपले वर्ष! त्याच्या पानाची खालची बाजू पाहा, रुपेरी दिसेल. तेथील सूक्ष्म खवल्यांमुळे पानातले पाणी सहजी उडून जात नाही. इतक्या काटकसरी झाडाला आपण रोज तांब्याभर पाणी पाजतो.

माझ्या रोपाची पाने पिवळी पडून गळू लागली, तेव्हा मला वाटले, तहानले असेल. मी पाणी वाढविले. झाड बरकतीचे, म्हणून घरातला प्रत्येक जण येता-जाता ओंजळभर ओतीतच होता. शेवटी उपटून पाहिले, तो मुळे काळी पडून कुजलेली. फसगत होते ती इथेच. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत; त्यामुळे पाण्याने गुदमरलेले रोप हुबेहूब तहानलेल्या रोपासारखे दिसते.

तेव्हा पाने पाहून पाणी घालू नका. बोट दोन पेरे मातीत खुपसा. ओल लागली तर तांब्या खाली ठेवा. कोरडे लागले तर तळाच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी घाला आणि बशीत साचलेले लगेच ओतून टाका. मात्र काटकसरी आहे म्हणून महिना महिना विसरूही नका. जमिनीतल्या झाडाची मुळे दूरवर ओल शोधतात. कुंडीतल्या रोपाला ती सोय कुठली?

कुंडी मातीचीच घ्यावी. दोन वाटे माती, एक वाटा जाड रेती आणि थोडे कुजलेले शेणखत पुरे. आपली जांभी माती आम्लधर्मी असते आणि जैतूनला चुनखडीची जमीन मानवते, म्हणून चमचाभर चुनखडीची पूड मिसळावी. दिवसाकाठी सहा तास तरी ऊन हवे. मे महिना संपता संपता कुंडी पडवीत आणावी, पण पागोळ्यांपासून दूर आणि भरपूर उजेडात. दमट हवेत पानांवर गोल, काळपट डाग पडतात. अशी पाने वेचून टाकावीत. खवल्यांसारखी कीड चिकटली तर साबणाच्या पाण्यात भिजविलेल्या फडक्याने पुसावी.

फळे केव्हा धरतील, असा प्रश्न मला हमखास विचारतात. खरे सांगायचे तर कोकणात ती आशा धरू नये. फुलोऱ्यासाठी जैतूनला थंडीचे काही आठवडे लागतात. राजस्थानात इस्रायलहून आणलेल्या रोपांची लागवड २००८ साली झाली आणि २०१४ साली बिकानेर जिल्ह्यात लूणकरणसर येथे तेलाचा कारखानाही निघाला; पण तिकडे हवा कोरडी आणि हिवाळ्याच्या रात्री कडाक्याच्या. आपल्याकडे पाने मिळतील, सावली मिळेल. सुवास हवा असेल तर शेजारी मोगरा लावा. तो जैतूनच्याच कुळातला आहे.

छाटणीची घाई नको. पहिली दोन वर्षे बुंध्यापाशी फुटणारे धुमारे तेवढे खुडावेत. दोनएक वर्षांनी मुळे भोकातून डोकावू लागली की एकच माप मोठी कुंडी द्यावी, एकदम हंड्याएवढी नव्हे. जादा माती म्हणजे जादा ओल.

ज्यांना नवे रोप घ्यावयाचे असेल त्यांनी ते जूनमध्ये घेऊ नये, ऑक्टोबर उलटल्यावर घ्यावे. म्हणजे पहिला पाऊस येण्यापूर्वी त्याच्या मुळांना सहा-सात महिने मिळतात.