पासवर्डाचे दळण



मी सातवी शिकलेली. संगणकावर काय बोलणार? पण लेक तो विषय शिकते. तिला मी विचारले, “आपला पासवर्ड तिकडे लिहून ठेवतात का गं?”

ती म्हणाली, “नीट काम असेल तर नाही, आई. त्याचे पीठ करून ठेवतात; त्याला हॅश म्हणतात. आपण शब्द टाकला की तो पुन्हा दळून पीठ जुळवतात. पिठाचे गहू मात्र होत नाहीत.”

“मग चोराला कसा सापडतो?”

“पीठ चोरून नेतो आणि नेहमीचे शब्द एकेक दळून पाहतो. जुळले की सापडला! म्हणून प्रत्येकाच्या दळणात वेगळे मीठ टाकतात आणि जाते मुद्दाम जड ठेवतात.”

२००९ साली अमेरिकेतील रॉकयू कंपनीचे तीन कोटींहून अधिक पासवर्ड चोरीस गेले. ते तर न दळताच ठेवलेले! त्यांत सर्वांत अधिक वेळा आलेला होता १२३४५६.

माझ्या पोटात गोळा आला. धाकट्याचे नाव नि जन्मसाल, हाच माझा शब्द, बँकेपासून सगळीकडे! त्याच रात्री जागोजाग वेगळे, लांबलचक शब्द केले, वहीत लिहून वही कपाटात कुलपात ठेवली.

भगिनींनो, दळण त्यांच्याकडे, पण दाणा आपणच निवडायचा. आज घरी गेल्यावर तेवढे कराच.