छताखालची चेरी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



केंद्र सरकारच्या कचेरीत तीस वर्षे फायली हाताळणाऱ्या माझ्यासारख्या बी. ए. झालेल्या माणसाने शेतीवर बोलावे, हे धाडसच आहे. शेतीशी माझा संबंध एवढाच, की निफाड तालुक्यात माझ्या थोरल्या बंधूंची अडीच एकर द्राक्षबाग होती. 'होती' हा शब्द मी जाणूनबुजून वापरीत आहे.

मार्च २०२३ मध्ये त्या भागात अवकाळी पाऊस झाला. माल तयार होता, व्यापाऱ्याशी भाव ठरला होता. दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन आला. ते एवढेच म्हणाले, "मणी तडकले." त्यानंतर दोघेही काही वेळ बोललो नाही.

त्याच वर्षी जुलैत आम्ही उभयता मुलीकडे इंग्लंडला गेलो. ती हेरफर्ड परगण्यात नोकरीला आहे. एका सकाळी ती आम्हाला टेकडीवर घेऊन गेली. खाली वाय नदीचे खोरे, हिरवी कुरणे, जुन्या चर्चचे मनोरे. आणि मध्येच एक मोठे पांढरे तळे चमकत होते. "तळे छान आहे," असे मी म्हणताच लेक हसली. "बाबा, ते तळे नव्हे. ते प्लॅस्टिक आहे. खाली चेरी आहे."

ते शेत नंतर जवळून पाहिले. जमिनीत लोखंडी पाय रोवलेले, त्यांवर कमानी वाकविलेल्या, कमानींवर पॉलिथिनचा कागद आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून आडव्यातिडव्या दोऱ्या. एकाला लागून एक अशा अनेक कमानींच्या ओळी. यालाच तिकडे पॉलिटनेल म्हणतात. त्याला दार नाही, भट्टी नाही. ऊन वाढले की बाजूचा कागद वर सरकवितात आणि वारा आरपार जातो. फळे उतरली की कागद काढून घेतात, कारण बर्फाच्या भाराने कमानी मोडतात. शिवाय चेरीच्या झाडाला थंडी लागतेच. जातीनुसार कमीअधिक, पण साधारणतः हजारएक तास पारा ७ अंश सेल्सिअसखाली राहिला, तरच पुढे नीट फुलोरा येतो. आपल्या महाबळेश्वरी स्ट्रॉबेरी पिकते, पण चेरी पिकत नाही, त्याचे कारण हेच.

एवढा खटाटोप कशासाठी? तर पावसासाठी. पिकत आलेल्या चेरीत साखर भरलेली असते. वर पाणी साचले की साल ते शोषून घेते, आतला गर फुगतो, साल ताण सोसत नाही आणि फळ फुटते. फुटलेल्या फळाला लगेच बुरशी धरते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पाऊस थांबताच बागेवर हेलिकॉप्टर फिरवून झाडांवरचे पाणी उडवितात, यावरून एका सरीची किंमत कळावी. हे ऐकताना मला निफाडचे घड दिसत होते. फळ वेगळे, देश वेगळा. पण फुटण्याची तऱ्हा तीच.

मात्र छत घालणे हा शेवटचा टप्पा होता. जुनी चेरीची झाडे चाळीस-पन्नास फूट वाढत. लांबलचक शिड्या लावून फळे उतरवीत. अशा झाडावर छत घालणार कसे? आधी झाड ठेंगणे करावे लागले. केंट परगण्यातील ईस्ट मॉलिंग येथे १९१३ साली फळसंशोधन केंद्र निघाले. त्यामागे तेथील बागाईतदारांचाच आग्रह होता. तेथे आणि पुढे जर्मनीतील गीसेन येथे, झाडाची वाढ आवरणारे खुंट तयार झाले. त्यांवर कलम केलेले झाड दहा-बारा फुटांत ठेवता येते व जमिनीवर उभे राहून फळे तोडता येतात. हे काम अनेक दशकांचे आहे.

शेजारच्या ओळींत स्ट्रॉबेरी होती. तिची रोपे जमिनीत नव्हे, कमरेएवढ्या उंच मांडणीवरील पिशव्यांत. तोडणाऱ्याला वाकावे लागत नाही. पिशवीत माती नव्हती. हात लावून पाहिला, तर ओळखीचा स्पर्श! नारळाच्या सोडणाचा भुसा, ज्याला आपले शेतकरी कोकोपीट म्हणतात. तो भारत आणि श्रीलंकेतून तिकडे जातो. उघड्यावर उन्हाळ्यातले काही आठवडेच चालणारा स्ट्रॉबेरीचा हंगाम या छताखाली मेपासून ऑक्टोबरपर्यंत लांबतो. छताखाली राखी बुरशी घटते, पण भुरी आणि लाल कोळी वाढतात. मग त्या कोळ्याला खाणारा दुसरा कोळी सोडावा लागतो. एक दुखणे घालविले, की दुसरे येतेच.

आणि प्रत्येकाला हे रुचते असेही नाही. टेकडीवर भेटलेल्या एका वृद्ध बाईंनी खंतावून सांगितले, "माझ्या लहानपणी येथे सफरचंदे फुलत. आता प्लॅस्टिक फुलते." हा वाद न्यायालयातही गेला होता. हे तात्पुरते शेतीचे साहित्य आहे, असे शेतकऱ्यांचे म्हणणे. ही इमारतच आहे, असे विरोधकांचे. सरे परगण्यातील एका प्रकरणात डिसेंबर २००६ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने आकारमान, टिकाऊपणा व जमिनीशी असलेले बंधन या तीन कसोट्या लावल्या आणि तेथील टनेलना परवानगी लागेल, असा निर्णय दिला. सरकारी माणूस असल्याने मला निकाल पटला. अण्णांचा भाऊ असल्याने शेतकऱ्याचीही बाजू पटली. ज्याच्या डोळ्यांना टोचते तो टेकडीवर असतो. ज्याचे पीक फुटते तो खाली.

परत आल्यावर मी उत्साहाने निफाडला गेलो. नाशिक भागातही काही द्राक्षबागांवर असे आच्छादन घातले गेले आहे, हे अण्णांना ठाऊक होते. त्यांनी माझे सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाळ, छत चांगलंच आहे रे. पण त्याचं कर्ज फेडायला तीन हंगाम लागोपाठ हाती यायला हवेत. तसे तीन हंगाम आले असते, तर छत लागलंच नसतं."

या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढच्या वर्षी त्यांनी बाग काढली.

मी पुष्कळ विचार केला. तिकडचा शेतकरी काही अण्णांहून शहाणा नाही. परंतु त्याच्या पाठीशी शंभर वर्षांचे संशोधन आहे आणि रोज ठरल्या प्रतीचा माल हवा असणारी मोठी दुकाने आहेत. छत दिसते प्लॅस्टिकचे. उभे असते ते अनेकांच्या खांद्यांवर. एकट्याने बांधावयाचे म्हटले, की ते कर्ज होते. ही गोष्ट मी, फायलींतून योजना वाचणाऱ्या माणसाने, फार उशिरा ओळखली.

म्हणून हा विषय मी येथे काढला. मी बदलून या शहरात आलो, तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. ती मराठी वाचावयास शिकली ती मंडळाच्या रविवारच्या वर्गात. घरी आम्ही दोघेच असतो, तर ते आमच्याने झाले नसते. पन्नास वर्षांपूर्वी दरमहा एकेक रुपया काढून ज्यांनी हे मंडळ उभे केले, त्यांपैकी पुष्कळांची मुले तेव्हा मोठीही झाली होती. त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांवर छत घातले.

आज वर्गणीचे पुस्तक दाराशी ठेवले आहे. जाताना त्यावर आपले नाव घालावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.