पोरगी नेमबाजी शिकते म्हणाली तर

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 साली पॅरिसला ब्राँझपदक मिळवलं, तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. पण घरातली पोरगी "मीही शिकते" म्हणाली की आईच्या पोटात गोळा येतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्येच रायफलच्या जगज्जेत्या झाल्या, तरीही येतो. ती भीती खोटी नाही. म्हणून आज मुद्दाम नेमबाजीतला सगळ्यात धावपळीचा प्रकार सांगते, प्रॅक्टिकल शूटिंग. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना 1976 साली अमेरिकेत स्थापन झाली.

यात एका जागी उभं राहायचं नसतं. मैदानात लाकडी चौकटी, आडोसे, खिडक्या उभ्या करतात. मागे पुठ्ठ्याची लक्ष्यं, गोळी लागताच पडणाऱ्या लोखंडी पट्ट्या. काही पुठ्ठ्यांवर गोळी मारायचीच नसते, लागली तर गुण कापतात. या मांडणीला स्टेज म्हणतात. टायमर वाजला की सुरुवात. कुठून आधी मारायचं, हे खेळणारीनं ठरवायचं.

स्टेज मांडणं म्हणजे मला तर लग्नाचा मांडव घालण्यासारखं वाटतं. माणूस कुठून कुठून शिरेल याचा आधी विचार. मांडणारा प्रत्येक जागी स्वतः उभा राहून बघतो, इथून सुटलेली गोळी मागच्या मातीच्या बांधातच जाईल ना? उंच माणसाची आडोशावरून जाईल का? बुटक्या बाईला खिडकीतून दिसेल का? हे तिसरं बरेच जण विसरतात, आणि मग बायका टाचा उंचावून नेम धरतात. चांगल्या स्टेजमध्ये असं होत नाही.

आता गुण. साध्या ताकदीच्या काडतुसाला लक्ष्याच्या मधोमध 5, त्याच्या बाहेर 3, कडेला 1. नेम चुकला तर 10 वजा. एकूण गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. समजा दहा गोळ्या आहेत. एकीनं सगळ्या मधोमध मारल्या, 16 सेकंदांत: 50 भागिले 16, म्हणजे तीनच्या थोडं वर. दुसरीनं घाई केली, 8 सेकंद. सहा मधोमध, तीन बाहेर, एक चुकली: 29 भागिले 8, साडेतीनच्या थोडं वर. तिसरीनं दहाही मधोमध मारल्या, 10 सेकंदांत. तिचे पाच! नुसती घाई नको, नुसती काळजीही नको.

हे 6 सेकंद कुठे वाचतात? चाप भराभर ओढून नव्हे. वेळ जातो तो चालण्यात, थांबण्यात, मॅगझिन बदलण्यात. म्हणून चालता चालता मॅगझिन बदलायचं, खिडकीशी पोचायच्या आत पिस्तूल डोळ्यासमोर आणायचं. स्पर्धेआधी रिकाम्या हातानं स्टेज फिरून बघायला मिळतो. हुशार खेळाडू तेव्हाच पाऊल न् पाऊल पाठ करते, मग डोळे मिटून मनात पुन्हा चालते. रोजचा बराचसा सराव बिनगोळीचा असतो. पिस्तूल रिकामं असल्याचं दोनदा बघायचं, काडतुसं त्या खोलीत ठेवायचीच नाहीत. याला काडतुसांचा खर्च नाही. मोबाइलवर चित्रीकरण करून सेकंद मोजले की कुठे अडतं ते दिसतं.

आणि आईच्या भीतीचं उत्तर नियमात आहे. चालताना बोट चापापाशी दिसलं, नळी ठरलेल्या दिशेबाहेर वळली किंवा भरलेलं पिस्तूल हातातून पडलं, की खेळाडू त्या स्पर्धेतून बाद. कितीही नावाजलेली असो.

आपल्याकडच्या मुली बहुधा 10 मीटरच्या एअर रायफल किंवा एअर पिस्तुलानं सुरुवात करतात. पोरीला घालायच्या आधी एक दिवस रेंजवर जाऊन नुसतं बसा. मुलं डोळ्यांना चष्मा आणि कानाला संरक्षण लावतात का, लक्ष्य बघायला कुणी पुढे गेलं की बाकीचे बंदुका खाली ठेवून मागे सरतात का, आणि प्रशिक्षक चुकलेल्या मुलाला लगेच थांबवतात का, एवढं पाहा. मग फी विचारा.