समुद्रातील बुरशी आणि खानदेश



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काही जण गालांतल्या गालांत हसले असतील. खानदेशातला वैशाख, अंगाची लाही होत असलेली, समुद्र येथून दोनशे किलोमीटर तरी दूर. आणि आम्ही बोलणार ते समुद्रातील बुरशीविषयी! आपण हसलात तर त्यात आपला दोष नाही.

बुरशी आपल्याला नवी नाही. ज्वारीच्या कणसात काणी शिरली की दाण्याऐवजी काळी भुकटी हाती येते. केळीच्या पानावर करपा पडतो, तोही बुरशीचाच. म्हणून बुरशी म्हणजे नासाडी, असे आपण धरून चालतो. शिवाय येथे बसलेल्या भगिनी विचारतील, की लोणच्यात मीठ भरपूर घातले म्हणजे बुरशी येत नाही, मग समुद्रात ती जगते कशी?

शंका रास्त आहे. खारट पाणी सजीवाच्या पेशीतील पाणी बाहेर ओढून घेते. लोणचे टिकते ते त्यामुळेच. पण लोणच्याच्या खारापुढे समुद्र पुष्कळच सौम्य आहे. त्याच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तेथील बुरशी आपल्या पेशींत ग्लिसरॉलसारखे पदार्थ साठवते आणि आतले पाणी आतच राखते.

ही बुरशी राहते कोठे? भरतीबरोबर वाहत आलेल्या ओंडक्यावर, तिवर आणि कांदळ यांच्या मेलेल्या फांद्यांवर, सागरी गवतावर. कोरोलोस्पोरा नावाची एक प्रजाती तर वाळूच्या कणाला चिकटून फळे धरते. यांपैकी पुष्कळ जातींच्या बीजाणूंना बारीक शेपट्या किंवा पंखांसारखे धागे असतात. त्यांच्या आधाराने ते पाण्यात तरंगतात आणि योग्य जागा मिळाली की तेथे अडकून राहतात. किनाऱ्यावरचा फेस आपण फेस म्हणून सोडून देतो. पण त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यात हे बीजाणू अनेकदा सापडतात.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कोणती बुरशी आढळते आणि किती वेळा आढळते, याची मोजदाद केली कोणी? आपल्या धुळ्याच्या बी. डी. बोरसे यांनी! वनस्पतिशास्त्राच्या या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात या विषयावर एकामागून एक शोधनिबंध प्रसिद्ध केले. १९८९ साली त्यांनी केव्हिन हाइड यांच्यासह खारफुटीच्या लाकडावरील एका बुरशीचे वर्णन केले. काळी, कोळशासारखी ठिसूळ, शंकूच्या आकाराची तिची फळे. ती इतकी वेगळी निघाली की नुसती नवी जात नव्हे, तर नवी प्रजातीच स्थापावी लागली. तिचे नाव ॲक्रोकॉर्डिऑप्सिस पाटिली. लॅटिन नावात आपला पाटील जाऊन बसला! पुढे २०१२ साली बोरसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा भारतातील सागरी बुरशींवरचा ग्रंथही निघाला.

या कामाला अवाढव्य यंत्रे लागत नाहीत. किनाऱ्यावरून कुजके लाकूड पिशवीत भरून आणायचे, ते ओलसर ठेवायचे, आठवड्यांमागून आठवडे तपासायचे, काप काढायचे, चित्रे काढायची. लागते ती चिकाटी. समुद्र दारात नसला तरी त्याचा अभ्यास करता येतो, हे या माणसांनी दाखवून दिले.

कोणी विचारील, याचा उपयोग काय? १९४५ साली इटलीच्या सार्डिनिया बेटावर जुझेप्पे ब्रोत्झू यांनी, सांडपाणी समुद्राला मिळते तेथील पाण्यातून एक बुरशी वेगळी केली. ती मूळची समुद्रातलीच होती असे म्हणता येणार नाही. पण तिच्यापासून सेफॅलोस्पोरिन या औषधांचे कूळ निघाले. आपल्याकडे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत चंद्रलता रघुकुमार यांनी लक्षद्वीपच्या सागरी गवतावरची एक बुरशी वापरून, मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या काळपट सांडपाण्याचा रंग घालवून दाखवला. साखर कारखान्यांच्या मुलखाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

तथापि खरा उपयोग याहून मोठा आहे. लाकडातील चिवट भाग सहजासहजी कोणाला पचत नाही. बुरशी तो फोडते, मऊ करते. मग त्यावर लहान जीव पोसतात आणि त्यांवर कोळंबी व मासे. आपण जिला नासाडी म्हणतो, ती खाडीतली पहिली चूल आहे.

२०१५ पर्यंत साऱ्या जगात सागरी बुरशीच्या १,११२ जाती नोंदल्या गेल्या होत्या. प्रत्यक्षात त्या दहा हजारांवर असाव्यात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे बहुतेकांना अजून नावच मिळालेले नाही. इकडे भराव पडतात, तिवरे तुटतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटीच्या तोडीला मनाई केली, ती झाडांसाठी. त्या झाडांच्या मेलेल्या फांदीवर कोण राहते, हे न्यायालयाला कोण सांगणार? ज्याने ती फांदी घरी आणून तपासली, तोच. आणि अशी माणसे थोडी आहेत.

येथे महाविद्यालयातील मुलेमुली बसली आहेत, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. धुळ्याची पांझरा तापीला मिळते, जळगावची गिरणाही तापीलाच, आणि तापी सुरतेपुढे समुद्राला. पावसाळ्यात या नद्यांतून वाहत गेलेला एखादा ओंडका समुद्राला लागतो, तेव्हा त्याच्यावर बुरशीचा संसार सुरू होतो. आपल्याच मुलखातले लाकूड ते. त्याचे पुढे काय होते, हे पाहायला आपल्यातील दोघे-चौघे निघाले, तर आजची संध्याकाळ सत्कारणी लागली असे आम्ही समजू.