शहाण्याला किती मते?

आमच्या तालुक्याच्या गावी एक सार्वजनिक वाचनालय आहे. दोन खोल्या, पाच कपाटे, एक लांब टेबल आणि त्याच्या दोन्ही अंगांना बाके, एवढाच त्याचा पसारा. दर दुसऱ्या शनिवारी दिवेलागणीनंतर तिथे आम्ही दहाबारा माणसे जमतो. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे आणि मग सगळ्यांनी मिळून वाद घालायचा, असा आमचा क्रम. कोणी याला वाचनमंडळ म्हणते, तर कोणी रिकामटेकड्यांचा अड्डा म्हणते. यंदा आम्ही विषय घेतला आहे तो कायदा आणि राज्यकारभार यांत सुधारणा कोणत्या व्हाव्यात, हा. विषय मोठा आणि माणसे लहान, हे आम्हाला ठाऊक आहे. पण ज्या कायद्याखाली आपण राहतो, त्याबद्दल चार शहाण्या गोष्टी वाचायला कोणाची परवानगी लागत नाही, असे आम्ही धरून चाललो आहो.

मंडळात कोण कोण आहे म्हणाल, तर एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. सोसायटीचे सचिव आहेत, दोन प्राथमिक शिक्षक आहेत, एक कापडदुकानदार आहेत, तलाठ्याच्या परीक्षेला बसणारा एक तरुण आहे. आणि एक आक्का आहेत. आक्कांनी सत्तरी ओलांडली आहे. राखीव जागेवरून निवडून येऊन त्या पाच वर्षे ग्रामपंचायतीत सदस्य होत्या. त्यांना लिहितावाचता येत नाही. पहिल्या दिवशी त्या दारातच थबकल्या, तेव्हा कोणीतरी म्हणाले, "आक्का, हे वाचनमंडळ आहे." त्या म्हणाल्या, "मग वाचा की. ऐकायला काय अक्षर लागतं व्हय?" आणि आत येऊन बसल्या. मी कॉलेजात शिकवतो, तेव्हा इंग्रजी पुस्तक निघाले की ते मराठीत करून सांगण्याचे काम माझ्याकडे येते.

अशा मंडळाची कल्पना काही आमची नव्हे. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी, १८२५ च्या सुमारास, लंडन शहरात थ्रेडनीडल स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर जॉर्ज ग्रोट या पेढीवाल्याचे घर होते. तिथे आठवड्यातून दोन दिवस, सकाळी साडेआठ ते दहा, काही तरुण जमत. दहा वाजले की ज्याने त्याने आपापल्या कामावर जायचे. त्यांतला एक होता जॉन स्टुअर्ट मिल. तो तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा होता आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीत नोकरी करीत होता. म्हणजे आपल्याच देशाच्या कारभाराचे कागद त्याच्या हाताखालून जात. आपल्याकडे पुढे आगरकरांच्या पिढीने ज्याचे ग्रंथ आवडीने वाचले, तोच हा मिल.

या मंडळाची रीत अशी, की एकाने प्रकरण मोठ्याने वाचायचे. मग ज्याला शंका असेल त्याने ती बोलून दाखवायची. शंका लहान असो की मोठी, ती बाजूला सारायची नाही. वादात भाग घेणाऱ्या प्रत्येकाचे आपापल्यापुरते समाधान होईपर्यंत पुढचे पान उलटायचे नाही. एकेका मुद्द्यावर त्यांच्या कित्येक बैठका जात. मिलने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, की आपण स्वतंत्रपणे विचार करू लागलो ते या बैठकांपासून. आम्ही तीच रीत उचलली. हिला आमच्याकडे 'पान न उलटण्याचा नियम' म्हणतात.

आता कोणी विचारील, की अशा बोलघेवड्यांच्या हातून काय झाले? ग्रोट १८३२ साली पार्लमेंटात निवडून गेला. त्या काळी इंग्लंडात मत उघडपणे द्यावे लागे. जमीनदार किंवा त्याचा कारभारी समोर उभा, आणि त्याच्या कुळाने मोठ्याने नाव सांगायचे! ग्रोटने १८३३ पासून गुप्त मतदानाचा ठराव पुन्हापुन्हा मांडला आणि दरवेळी तो पडला. ग्रोट १८७१ मध्ये वारला आणि गुप्त मतदानाचा कायदा १८७२ मध्ये झाला. मिलचीही तीच गत. १८६७ साली मताधिकाराच्या विधेयकात 'पुरुष' या शब्दाऐवजी 'व्यक्ती' हा शब्द घाला, म्हणजे बायकांनाही मत मिळेल, अशी सूचना त्याने पार्लमेंटात मांडली. बाजूने ७३ मते पडली, विरुद्ध १९६. तिथल्या बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला १९२८ साल उजाडावे लागले. पेरणी एकाने करावी आणि कापणी नातवाने, असा हा धंदा आहे.

असो. त्याच मिलचा प्रातिनिधिक शासनावरचा १८६१ सालचा ग्रंथ आम्ही वाचायला घेतला आणि एका शनिवारी अडलो. मिल म्हणतो, मत सर्वांना असावे, बाईलाही असावे. पण ज्याला लिहितावाचता येत नाही आणि साधे त्रैराशिक सुटत नाही त्याला देऊ नये. आणि जो अधिक शिकलेला, त्याला एकाहून अधिक मते द्यावीत. मिलच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे, की शिकण्याची सोय आधी सर्वांना झाली पाहिजे, हेही त्याने बजावले आहे.

गुरुजींची कळी खुलली. "हेच मी चाळीस वर्षे म्हणतो आहे," ते म्हणाले. "मत सगळ्यांना राहू द्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण कारभाराला तरी शिकलेला माणूस नको का? शिपायाच्या जागेला शिक्षणाची अट लागते, आणि लाखोंच्या हिशेबावर सही करणाऱ्याला कसलीच नाही?"

श्रोतेहो, गुरुजी एकटे नाहीत. हरियाणा राज्याने २०१५ साली पंचायतीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली. सर्वसाधारण पुरुषाला दहावी, बायकांना व अनुसूचित जातींना त्याहून कमी. त्याच वर्षी १० डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. राजस्थानातही अशी अट आली होती, ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. आपल्या महाराष्ट्रात २०१७ साली सरपंच थेट निवडण्याचे ठरले, तेव्हा १९९५ पासून पुढे जन्मलेल्या उमेदवाराला सातवीची अट आली. त्याआधीच्यांना ती नव्हती. म्हणजे प्रश्न पुस्तकातला नव्हे, आपल्या चावडीवरचा आहे.

शिक्षक मंडळी गुरुजींच्या बाजूला झाली. सचिवांनी एक बारकावा काढला, की उमेदवाराला अट घातली म्हणजे मतदाराच्या हातालाही अट पडली; कारण त्याला जो माणूस हवा तो यादीतच नाही! वाद रंगला. आक्का गप्प होत्या. नियमाप्रमाणे त्यांना विचारले, "आक्का, तुमचं समाधान झालं का?"

त्या म्हणाल्या, "गुरुजी, माझं म्हणणं वाईट वाटून घेऊ नका. मी पंचायतीत असताना विहिरीच्या दुरुस्तीचं काम निघालं. शिमिटाची पोती माझ्याच पडवीत उतरवली. रतीबाच्या दुधाच्या रेघा मी भिंतीवर ओढते, तशा पोत्यांच्या ओढल्या. अठ्ठावीस. पुढं मीटिंगीत एका पोरानं बिल वाचून दाखवलं, त्यात चाळीस. मी म्हटलं, कागदावरचा हिशेब निराळा आन् भिंतीवरचा निराळा, हे कसं? बिल लिहिणारा शिकलेला व्हता, गुरुजी. त्याच्यावर सह्या करणारेबी शिकलेले व्हते."

बिल दुरुस्त झाले होते, हे सचिवांना आठवत होते. कोणी काही बोलेना. मग आक्का माझ्याकडे वळल्या. "बाळ, तो गोरा साहेब शिकलेल्याला जास्ती मतं द्या म्हणतो. तुला आता किती हाईत?"

मी हसत 'एकच' म्हणणार होतो आणि जीभ अडखळली. कारण ते खोटे झाले असते. विधानसभेला मला एक मत आहे, आक्कांनाही एकच आहे. पण आपल्या विधानपरिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधर निवडतात आणि ७ शिक्षक निवडतात. मी पदवीधरांच्या यादीत आहे आणि शिक्षकांच्याही. इंग्लंडात विद्यापीठांच्या पदवीधरांना असलेले जादा मत १९४८ च्या कायद्याने गेले. आपल्या घटनेने विधानपरिषदेपुरती ती वाट ठेवली आहे. मी बोटे मोजून म्हणालो, "तीन, आक्का." त्या म्हणाल्या, "आन् मला एक. तेबी गुरुजींना जड व्हतंय."

सगळे हसले. गुरुजीही हसले, पण ती बैठक तिथेच थांबली. पान उलटले नाही.

पुढच्या शनिवारी तलाठ्याच्या परीक्षेवाल्या तरुणाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे एक निवेदन आणले. सायमन कमिशनबरोबर काम करणाऱ्या मुंबई इलाख्याच्या समितीवर बाबासाहेब होते. १९२९ च्या मे महिन्यात त्यांनी आपला स्वतंत्र अहवाल दिला आणि त्यात सर्व प्रौढांना मत मागितले. साक्षरतेची अट मागणाऱ्यांच्या दोन चुका त्यांनी दाखवल्या आहेत. निरक्षर माणूस अडाणीच असतो, असे समजणे ही पहिली. आणि अक्षर आले म्हणजे शहाणपण आलेच, असे समजणे ही दुसरी. तरुणाने ते वाचले, तेव्हा मला पडवीतली भिंत आठवली.

आणि पुढे झालेही तसेच. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारयादीत १७ कोटींहून अधिक नावे होती आणि त्यांतले बहुसंख्य निरक्षर होते. म्हणून उमेदवारांना चिन्हे दिली, म्हणजे ज्याला नाव वाचता येत नाही त्याला चित्र तरी ओळखता येईल. सुमारे २८ लाख बायकांची नावे मात्र यादीतून गळली, कारण त्या स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगत. आक्कांनी हे ऐकले आणि त्या म्हणाल्या, "माझ्या सासूचं नाव असंच राहिलं असंल." देशाने निरक्षरांना थांबायला सांगितले नाही. त्यांना वापरता येईल अशी मतपेटी केली. सुधारणा म्हणतात ती ही.

इथे कोणी म्हणेल, की मग अक्षराची किंमत नाही की काय? तसे मुळीच नाही, आणि हे आम्हाला सांगितले तेही आक्कांनीच. त्या म्हणाल्या, "त्या पाच वर्षांत मी किती कागदांवर अंगठा उठवला त्याची मोजदाद न्हाई. त्यातला एकच कागद मला वाचून दाखवला, विहिरीचा. बाकीच्यात काय व्हतं, ते देवाला ठाऊक."

या बोलण्याने गुरुजी गंभीर झाले. खूप वेळाने ते म्हणाले, "म्हणजे अट घालायची तर ती न वाचता येणाऱ्याला नव्हे. वाचता येणाऱ्याला घालायला हवी, वाचून दाखवण्याची."

श्रोतेहो, चार महिन्यांच्या वादातून आमच्या हाती जे लागले ते एवढेच. शिकलेल्याचा अधिकार वाढवण्यापेक्षा त्याचे कर्तव्य वाढवावे. यासाठी नवा कायदाही लागत नाही. ग्रामपंचायतीच्या कायद्यात ग्रामसभा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तिच्या रूढ तारखा आहेत. जमाखर्च तिच्यापुढे यायचा आहे. कागद मिळत नसेल तर तो मागण्यासाठी २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे. हत्यार घरात आहे, फक्त ते माळ्यावर पडले आहे.

आम्ही आता ग्रामसभेच्या आधीच्या शनिवारी पंचायतीचा जमाखर्च वाचनालयाच्या ओट्यावर मोठ्याने वाचतो. पहिल्या वेळी नऊ माणसे आली, दुसऱ्या वेळी तीसएक आली आणि त्यांत बायका निम्म्या होत्या. काही मोठी लबाडी उघडकीला आली, असे नाही. एका दिव्याच्या खांबाचा खर्च दोनदा पडला होता, तो निघाला. एका वस्तीला नळ मिळाला असे कागदात होते, तिथली बाई उठून म्हणाली, "कुठं हाय दाखवा." एवढेच. पण ती बाई त्याआधी ग्रामसभेत कधी बोलली नव्हती, आणि ग्रामसभेतही तिने तोच प्रश्न विचारला.

आपल्यापैकी जे शिक्षक असतील त्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या गावी असे मंडळ काढायला पैसा लागत नाही. एक दिवा, एक वाचणारा आणि चार ऐकणारे पुरेत. फक्त त्या चारांतला एक तरी वाचता न येणारा असू द्या, आणि त्याचे समाधान झाल्याशिवाय पान उलटू नका.

राहता राहिले गुरुजी. त्यांचे समाधान अजून पुरते झालेले नाही. सरपंच तरी शिकलेला हवा, असे ते अजूनही म्हणतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. येत्या शनिवारी ते आपली बाजू लिहून आणणार आहेत. ती मोठ्याने वाचली जाईल, आक्का ऐकतील, आणि मग पुढे काय होते ते पाहायचे.